मंडई नावाचा रकाना

कार्तिक आला की माझं डोकं फिरतं. या दिवसांत सगळ्यांना बरं वाटतं, हे मला ठाऊक आहे. धान कापून होतं, बांध्यांमध्ये पेंढ्यांचे पुंजणे उभे राहतात, सकाळी बोडीच्या पाण्यावरून धुकं सरकत घरापर्यंत येतं, आठवडी बाजारात उकडलेल्या शिंगाड्यांचे ढीग लागतात. जवळच्या वडसा शहरात तर नाटकांच्या फलकांमागे भिंत दिसत नाही. ऑटोला भोंगा बांधून एक जण गावोगाव सांगत फिरतो की अमक्या गावात मंडईनिमित्त तमकं नाटक, झाडून सगळ्यांनी यावं. शेजारच्या बाया हातातलं काम टाकून ऐकतात. मला मात्र त्या भोंग्यातून 'मंडई' हा शब्द आला की कुणाशी तरी कडाकडा भांडावंसं वाटतं. कुणाशी ते नेमकं माहीत आहे. ते पुण्याला राहतात.

मंडई म्हणजे काय ते ज्यांना सांगावं लागतं त्यांच्यावरही माझा थोडा राग आहे, तरी सांगते. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत, विदर्भाच्या पूर्व टोकाला, गावागावाची मंडई भरते. प्रत्येक गावाचा आपला दिवस ठरलेला. त्या दिवशी गावात दुकानं लागतात, पाळणे येतात, दंडारीचा नाच होतो, रात्री नाटक असतं. पण हे सगळं निमित्त. खरी मंडई घरात भरते. दिवाळीला एक वेळ लेक येणार नाही, मंडईला येते. तिच्यासोबत जावई, जावयाचा भाऊ, भावाची बायको, बायकोची मावशी. ओसरीवर सतरंज्या कमी पडतात, मग धानाच्या पेंढ्यावर पोती टाकून माणसं निजतात. घरची माणसं कोणती आणि पाहुणे कोणते हे चुलीजवळच्या बाईलाही सांगता येत नाही. माझं लग्न मंडईतच जुळलं. मी मामाच्या घरी वडे तळत होते, आणि कुणाची कोण म्हणून आलेली एक बाई माझ्याजवळ पीठ मळायला बसली. ती उठली ती मला सून करून.

तीच बाई म्हणजे माझी सासू. आमच्या घरात सासूला बाईच म्हणतात. सासरे गेल्यावर बाई आमच्यापाशी राहिल्या, म्हणजे स्वतःच्याच घरात राहिल्या. आरमोरीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं घर, थोडी धानाची शेती, आणि ह्यांचं पंप दुरुस्तीचं दुकान. ह्यांचे मोठे भाऊ, माझे भासरे, कॉम्प्युटरच्या नोकरीत, बायकोसह पुण्याला. ते बाईंच्या खर्चाचा अर्धा वाटा पाठवत. किती पाठवायचं ते बाई सांगायच्या, फोनवर, हवेतल्या हवेत, आणि ते पाठवायचे. कुणाचं काही अडलं नव्हतं. पण माणूस शिकला की त्याला अडल्यासारखं वाटायला लागतं.

एका उन्हाळ्यात भासरे आले ते ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर घेऊन. पुढच्या खोलीत कूलरच्या बाजूला तो मांडला, आणि जेवणं झाल्यावर ह्यांना समोर बसवून आईच्या खर्चाचा तक्ता समजावू लागले. मी दाराआड उभी होते. आमच्याकडे सुनेनं भासऱ्याशी बोलायचं नाही, अशी रीत. विचारलं तर भिंतीकडे पाहून उत्तर द्यायचं, तेही दुसऱ्या कुणाला उद्देशून. लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, पोरगी शाळेत जात होती, तरी मी त्यांना आपणहून एक शब्द बोलले नव्हते. रीत मला जाचायची असं नाही. बोलावंसंच कधी वाटलं नव्हतं.

तक्ता असा होता. एका रकान्यात तारीख, दुसऱ्यात प्रकार, तिसऱ्यात रक्कम. खाली लिहीत जायचं. दुसऱ्या पानावर त्यांनी सूत्रं घालून ठेवली होती. त्यातलं सूत्र पहिल्या पानावर जाऊन एका प्रकारच्या सगळ्या ओळी शोधायचं, तेवढ्याच रकमा उचलायचं आणि बेरीज आणून ठेवायचं. दुधाची दुधात, औषधाची औषधात. तसंच तारखेचं, कोणत्या दिवशी किती गेले ते वेगळं. रक्कम बदलली की बेरीज आपोआप बदले. ह्यांनी प्रत्येक वाक्याला मान डोलावली आणि काहीही समजून घेतलं नाही. मी दाराआडून सगळं शिकले.

"यात गडबड नाही होत," भासरे म्हणाले. "कुठे काय जातं ते कळलं पाहिजे. हिशोब नीट राहिला तर आई इथे खुशाल राहू दे. नाहीतर मी तिला पुण्याला नेतो. तिथे माझ्या डोळ्यांसमोर तरी राहील."

ते हे सहज बोलले. बाई तिथेच तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सुपातून मान वर केली.

"मले काऊन नेतं? मी इथी बरी हाओ."

"तसं नाही गं आई. फक्त हिशोब."

तेव्हापासून माझ्या हातात आलेला प्रत्येक पाव शेर गूळ बाईंच्या इथे राहण्याशी बांधला गेला. मी तक्ता भरायला बसले की मला असं वाटायचं, एक ओळ चुकली तर म्हातारीला उचलून नेतील.

प्रकार भासऱ्यांनी आधीच ठरवून ठेवले होते, इंग्रजी अक्षरांत: किराणा, दूध, औषध, कपडे, मंडई, इतर. मंडई हा शब्द वाचला आणि, खरं सांगते, मला त्या माणसाविषयी पहिल्यांदा बरं वाटलं. म्हटलं, पुण्यात राहून गावची मंडई विसरला नाही. आईचे पाहुणे येतील, खर्च होईल, म्हणून त्याला वेगळी जागा ठेवली. भाजीला रकाना नव्हता, ते जरा विचित्र वाटलं. पण पुण्याकडची माणसं भाजी कमी खात असतील. आमची भाजी आठवडी बाजारातून यायची किंवा परसातून, तिला मी 'इतर'मध्ये टाकू लागले.

पहिल्या महिन्यातच फोन आला. तक्ता मी वडशाच्या सायबर कॅफेतून पाठवला होता, तोंडाला पदर लावून, कारण तिथे सगळी कॉलेजची पोरं.

"इतर म्हणजे काय?" भासरे ह्यांना विचारत होते. मी ह्यांच्या कानाजवळ कान लावला होता. "एवढं इतर? इतर म्हणजे ज्याला नाव नाही ते."

"नाव हाये ना दादा. वांगे, भेंड्या, पालक."

"मग ती इतरमध्ये कशाला? आणि दूध का नाही? या महिन्यात आईनं दूध घेतलंच नाही?"

दूध रोज घेतलं होतं. मी रात्रंदिवस डोळे फोडून शोधलं तेव्हा कळलं, मी दर वेळी 'दूध' लिहून पुढे एक रिकामी जागा सोडत होते. लिहिण्याची सवय, दुसरं काय. माणसाला ती दिसत नाही. सूत्राला दिसली, आणि सूत्रानं ते दूध धरलंच नाही. चूक आहे असंही सांगितलं नाही. गुपचूप शून्य करून ठेवलं. घरातली काही माणसं अशी असतात: तुम्ही केलेलं काम त्यांना एका मात्रेमुळे दिसत नाही, आणि ती मात्रा कोणती हेही ती सांगत नाहीत. मी रिकाम्या जागा काढल्या, दूध दिसू लागलं. भाजी कुठे टाकायची ते मात्र दुधाच्या भांडणात राहूनच गेलं. बोलणारे दोघं भाऊ, आणि दोघांनाही फोनचं बिल दिसत होतं.

आता माझी पोरगी मोबाइलवरून पैसे देते, आणि तो मोबाइल तिला महिन्याच्या शेवटी रंगीत गोल काढून दाखवतो: खाण्यावर एवढे, प्रवासावर एवढे, करमणुकीवर एवढे. त्याला कुणी विचारलेलं नसतं. मागच्या महिन्यात ती मैतावर गेली होती, ते भाडं त्यानं 'सहल'मध्ये घातलं. ती हसली. मला हसू आलं नाही. मी तिला म्हटलं, तो फोन तिकडे ठेव आणि जेवायला बस.

पावसाळाभर तक्त्यातली मंडईची घरं रिकामी राहिली. मला त्याचं काही वाटलं नाही. आषाढात मंडई कुठून येणार? मग कार्तिक आला. बाईंनी आठवडाभर आधीच घर सारवून घेतलं. त्यांच्या दोन बहिणी, भाचे, दोन्ही लेकी, लेकींच्या सासरची माणसं, नागभीडकडून कुणीकुणी. सगळी बाईंच्या नावानं आलेली. दारात आलेल्या प्रत्येकाच्या तोंडावरून हात फिरवत बाई म्हणायच्या, "आला का बापा," आणि कुणाला ओळखलं नाही तरी तेच म्हणायच्या. अंगणात मटणाची गंजं चढली. मी आणि नणंदा वडे थापून थापून हाताला तेल सुटेपर्यंत बसलो. मुलं पाळण्यावरून येऊन वडे पळवत. नाटकाची तिकिटं बाईंनी सगळ्यांची काढली, ज्यांना नाटकात झोप लागते त्यांचीसुद्धा. दुसऱ्या दिवशी लेकी निघाल्या तेव्हा साड्या, चोळ्या, बांगड्या. बाई थकून भिंतीला टेकल्या होत्या, आणि त्या दिवशी माझ्या सासूइतकं सुखी माणूस मी त्या जिल्ह्यात पाहिलं नाही.

मंडई झाल्यावर मी कॉम्प्युटरसमोर बसले. मटण, तेल, तांदूळ, तिकिटं, साड्या. प्रत्येक ओळीसमोर मंडई, मंडई, मंडई. पुढे रिकामी जागा पडणार नाही याची काळजी घेत. सूत्रानं सगळं इमानदारीनं उचललं आणि त्या रिकाम्या घरात एकदम मोठा आकडा बसला. मला समाधान वाटलं. आपल्या खर्चाला आपलं नाव मिळालं की बरं वाटतं.

फोन लगेच आला.

"मंडईत शून्य जास्त पडलंय," भासरे म्हणाले. "महिनोन् महिने काही नाही, आणि एका तारखेला एवढं?"

"बरोबर हाये दादा," हे म्हणाले. "मटण मोठं होतं ना त्यात."

"मंडईत मटण?"

"मंडईत मटण नाई तं काय वरण?"

मग भासऱ्यांचा आवाज आला, शांत, ऑफिसातला. "हे बघ, आई म्हातारी आहे. एका दिवसात माणूस एवढी भाजी खात नाही. मटण तुम्ही खायचं आणि आईच्या भाजीत दाखवायचं, हे मला आवडलेलं नाही."

हे नुसते "भाजी?" म्हणाले आणि माझ्याकडे पाहू लागले. मला मात्र कळलं. पुण्यात भाजीबाजाराला मंडई म्हणतात, हे कधीतरी वाचलं होतं. याच अंगणात वाढलेल्या, याच मंडईत नवी चड्डी घालून हिंडलेल्या माणसाच्या डोक्यात मंडई म्हटल्यावर आता वांगी येत होती. चोर म्हणाला, याचा राग होताच. पण हा दुसरा राग त्याच्यापेक्षा मोठा होता, आणि तो अजून गेलेला नाही.

मी ह्यांच्या कानात सांगितलं, ह्यांनी फोनात सांगितलं. भासरे हसले. "अरे हो. ती मंडई. डोक्यातच नाही आलं." मला वाटलं, मिटलं. पण ते पुढे म्हणाले, "पण तो आईचा खर्च कसा? ती करमणूक झाली." आणि त्यांनी पुण्यात बसून तक्त्यात नवीन प्रकार केला, करमणूक, मटणापासून चोळ्यांपर्यंत सगळं त्यात हलवलं, आणि तो प्रकार अर्ध्या वाट्यातून वगळला. दोन बोटांचं काम. मग म्हणाले, "तुमच्याकडून हे नीट राहायचं नाही. मी पौषात येतो आणि आईला घेऊन जातो."

ते आले. मी त्यांना चहा दिला तो आतल्या दारातून, कप फरशीवर ठेवून, जरा जोरात. बाईंना त्यांनी कॉम्प्युटरसमोर खुर्चीवर बसवलं आणि आकडे दाखवले, की इथे एवढा खर्च होतो आणि तिथे त्याच्या निम्म्यात तू राणीसारखी राहशील. बाईंना वाचता येत नव्हतं. त्या पडद्याकडे पाहत नव्हत्या, लेकाच्या तोंडाकडे पाहत होत्या.

"माह्या बहिणी आल्या होत्या, त्याचं काऊन काढलं?"

"काढलं नाही आई. वेगळीकडे टाकलं."

"मंग मीबी येतो वेगळीकडे," बाई म्हणाल्या, आणि उठून लुगडी पेटीत भरायला लागल्या. ह्यांनी "बाई, राहा ना," एवढंच म्हटलं. दोघा भावांत भांडण नको म्हणून त्या निघाल्या, हे घरातल्या सगळ्यांना कळत होतं. आणि मी दाराआड. माझ्या तोंडात एवढ्या शिव्या होत्या की गाडी सुटेपर्यंत पुरल्या असत्या. पण रीत म्हणजे रीत. गाडी सुटली.

त्यानंतरचे महिने घरात मी सगळ्यांवर ओरडत होते. पोरीवर, ह्यांच्यावर, कोंबड्यांवर. कॉम्प्युटरवर चादर टाकून ठेवली. पुण्याहून पैसे मागायचा प्रश्न उरला नव्हता, त्यामुळे हिशोब एकदम स्वच्छ झाला होता. फोनवर बाई म्हणायच्या, बरी हाओ. काय जेवल्या विचारलं तर तेच. कुणी बोलायला आहे का विचारलं तरी तेच. सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर देणारी माझी सासू नव्हती. चिंचेच्या भावावरून ती बाजारात तास तास वाद घालायची.

मग पुन्हा कार्तिक. तेच धुकं, तेच शिंगाडे, तोच भोंगा. आमच्या गावची मंडई तोंडावर आलेली, आणि पाहुण्यांना काय सांगायचं ते मला सुचत नव्हतं; ज्यांच्या नावानं ते येतात त्या बाईच घरात नव्हत्या. एका दुपारी फोन वाजला, ह्यांनी घेतला, मी कान लावला. भासरे होते, आणि हसत होते.

"अरे, आईनं काल काय केलं ऐक. म्हटलं, बरेच दिवस घरात बसून आहे, जरा फिरवून आणू. म्हटलं, आई, चल, मंडईत जाऊ. तर म्हणाली, आज हाये का मंडई? मी म्हटलं, इथे रोज असते. झालं. अंघोळ केली, हिरव्या काठाचं लुगडं काढलं, हिला म्हणाली तांदूळ वाढवून टाक, पावणे येतीन. आम्हाला वाटलं, असंच काहीतरी बोलतेय. तिथे नेलं तर गाळ्यागाळ्यासमोर उभी राहून बायकांना विचारत सुटली, तुम्ही कोनाकडच्या? जेवाले कोनाकडे हाये? लोक बघायला लागले. मला इतकं लाजल्यासारखं झालं."

ह्यांनी कसंबसं म्हटलं, बाईले द्या.

फोन मी घेतला. बाईंना माझा श्वास ओळखू येतो. त्या कुजबुजत बोलत होत्या, मागे कुणी ऐकू नये म्हणून.

"पोरी, इथी रोज मंडई भरते. लय मानसं येते. पन कोनी कोनाले घरी चाल म्हणत नाई. मी दोघीतिघींले म्हटलं, चाला, घर जवळच हाये, भात ठेवला हाये. त्या हासल्या." मग थोडं थांबून म्हणाल्या, "भात तसाच रायला. इथली सून रागावली माह्यावर."

त्यावर बाईंशी बोलत बसले असते तर रडले असते, आणि मला त्या वेळी रडायचं नव्हतं. मी म्हटलं, "बाई, फोन तुमच्या मोठ्याले द्या."

"तू बोलतं?"

"हो. द्या."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. "हं, बोल रे," भासरे म्हणाले. त्यांना वाटलं, धाकटा भाऊ आहे.

"भाऊ," मी म्हटलं, "मी बोलून राह्यली."

पलीकडचं हसू थांबलं.

"बाईले घ्याले आमी येऊन राह्यलो. मंडईच्या आधी त्या इथी पायजे. अन् आमी येऊ तोपर्यंत त्याइले तुमच्या मंडईत नेऊ नोका."

ते "अगं, पण" म्हणाले, खर्चाचं काहीतरी म्हणाले, ते मी ऐकलं नाही. फोन ठेवला. मागे वळून पाहिलं तर ह्यांनी पिशवीत कपडे भरायला घेतले होते, माझेसुद्धा.